मोतिया आणि पांढरा

आमच्या दुकानाच्या रोजमेळात ३ मे २०२२, अक्षय तृतीया, या पानावर दोन नोंदी एकाखाली एक आहेत. संगणक, रुपये १,८९,९००. त्याचा पडदा, रुपये १,५९,९००. शेजारच्या समासात अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेन्सिलीने एक हिशेब मांडून ठेवला आहे : 'वजन २ किलो ७०० ग्रॅम, दर किलोस ७०,३३३.' त्या दिवसांत चांदी किलोला साठ हजारांच्या थोडी वर होती. "चांदीहून महाग वस्तू घरात आली, ना अंगावर घालता येत, ना अडीनडीला मोडता येत," एवढेच ते म्हणाले. मग स्वतःच उठून त्यांनी त्या डब्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले.

कापडाच्या दुकानाला एवढा संगणक कशाला, हा प्रश्न तेव्हापासून पाहुण्यारावळ्यांपासून कर सल्लागारापर्यंत अनेकांनी मला विचारला आहे. आपल्या समाजातील कित्येक घरांतल्या मुली-सुना आता दुकानाचा माल छायाचित्रांवरून विकू लागल्या आहेत, आणि कोणता संगणक घ्यावा अशी त्यांचीही विचारणा असते. म्हणून तीन वर्षांत जे अनुभवाला आले ते बरेवाईट सगळे लिहून काढते आहे. त्यातला एक भाग संगणकाचा नाही. पण तो वगळून बाकीचे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमचे दुकान सोलापुरात, सुती साड्यांचे. इरकल, नारायणपेठ, चंद्रकळा आणि जोडीला खणाचे कापड. दुकानाला तीन दगडी पायऱ्या आहेत. माझ्या लग्नानंतर मी पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा पाहिलेले दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. एका बाईंना साडी पसंत पडली होती, पैसे काढायला त्यांनी पिशवीत हात घातला होता, आणि अण्णा ती घडी उचलून त्यांना बाहेर पायरीवर घेऊन गेले. "ट्यूबखाली पाहून घेऊ नका. उन्हात बघा, मग ठरवा." बाईंनी उन्हात पाहिली आणि साडी नको म्हणून सांगितले. अण्णांनी ती शांतपणे पुन्हा घडी घालून फळीवर ठेवली. हाती आलेली विक्री गेली, याचे मला वाईट वाटले. त्यांना वाटले नाही.

कापडाच्या धंद्यातील माणसाला याचे कारण सांगायला नको. ट्यूबच्या उजेडात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात, उन्हात ते असतात. आत जुळलेले पोलक्याचे कापड आणि साडीचा काठ बाहेर आल्यावर एकमेकांकडे पाठ फिरवतात. अण्णांच्या दृष्टीने रंग म्हणजे पायरीवरचा रंग. नवा माल आला की गठ्ठा सोडायचा, एकेक साडी हातात घेऊन ते नाव उच्चारायचे आणि दिवाणजी ते लिहून घ्यायचे : आमसुली, डाळिंबी, अंजिरी, चिंतामणी, गुलबाक्षी, विटकरी, शेवाळी, मोतिया. विणकर काहीही म्हणो, व्यापारी काहीही म्हणो, आमच्याकडे अण्णा म्हणतील ते नाव. बाजारात याला मान होता. "सोलापूरहून अण्णांनी डाळिंबी म्हणून पाठवली म्हणजे डाळिंबीच असणार," असे म्हणून न बघता माल उचलणारी गिऱ्हाइके होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पायरीच बंद झाली. लग्नाआधी मी उपयोजित कलेची पदविका घेतली होती. छायाचित्रणाचा एक विषय त्यात होता. गच्चीवर दोरी बांधून मी साड्यांची छायाचित्रे काढली, व्हॉट्सॲपवर पाठवली, आणि आश्चर्य म्हणजे मागण्या आल्या. टाळेबंदी उठली तरी हा व्यवहार वाढतच गेला. त्याबरोबर आमच्या वहीत पूर्वी जवळजवळ रिकामे असणारे 'परत माल' हे खातेही भरू लागले. २०२१ च्या दिवाळीनंतरच्या एका महिन्यात सत्तावीस साड्या परत आल्या. त्यांपैकी एकोणीस पाकिटांत एकाच अर्थाची चिठ्ठी होती : फोटोत दाखवला तो रंग हा नव्हे.

दोन्ही बाजूंचे टपाल, पुन्हा इस्त्री, मोडलेली घडी, हा तोटा आकड्यांत मांडता येतो. अण्णांना लागला तो दुसराच. पन्नास वर्षांत त्यांच्या शब्दावर कुणी रंगाचा दावा केला नव्हता.

दोष शोधायला मी दूर गेले नाही. हिशेबाच्या टेबलावरच्या जुन्या संगणकावरच मी छायाचित्रे दुरुस्त करत असे. त्याचा पडदा स्वस्तातला. मान थोडी वर केली की आमसुली रंग जांभळा दिसे आणि खाली केली की तपकिरी. खुर्चीत मी बसले तर एक रंग, मुलगी बसली तर दुसरा. दोनशे छायाचित्रे सिद्ध करायला त्याला रात्रभर लागे, आणि मी अकरा-बाराला पहिली तुकडी लावून झोपायला जाई. सूर्यास्तापूर्वी सगळ्यांनी एकत्र जेवायचे ही आमच्या घरची रीत. त्या दोन वर्षांत माझे ताट बहुधा झाकून ठेवलेले असे.

नव्या संगणकाची मागणी मी केली तेव्हा मनात धाकधूक होती. लग्नाला सोळा वर्षे झाली होती आणि स्वतःच्या कामासाठी म्हणून मी मागितलेली ती पहिलीच मोठी वस्तू. यजमानांनी कागद घेतला. एकूण ३,४९,८०० रुपयांत वस्तू व सेवा कर १८ टक्के, म्हणजे ५३,३५९ रुपये. धंद्यासाठी घेतल्यामुळे तो पुढच्या करातून वजा होणार. उरलेल्या २,९६,४४१ रुपयांवर आयकरात वर्षाला ४० टक्के घसारा. (कंपोझिशन योजनेत असणाऱ्यांना करातली ही वजावट मिळत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.) कागद त्यांनी अण्णांपुढे ठेवला. अण्णांनी तो पाहिला, बाजूला सारला आणि मला विचारले, "याच्यात पायरीवरचा रंग दिसेल का?"

मी हो म्हणाले. खरे तर मला ते ठाऊक नव्हते.

आता वस्तूविषयी. आम्ही घेतला तो ॲपलचा मॅक स्टुडिओ, एम १ मॅक्स या चिपचा, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जाहीर झालेला. लांबी-रुंदी १९.७ सेंटिमीटर, उंची ९.५, मिठाईच्या मोठ्या चौकोनी डब्याएवढा. खोके उघडल्यावर आत संगणक आणि विजेची वायर एवढेच निघाले. कळफलक, माउस, पडदा, सगळे वेगळे घ्यायचे. अण्णांनी खोके उलटे करून झटकून पाहिले होते. कॅमेऱ्याचे कार्ड घालण्याची खाच समोरच आहे, याचे महत्त्व दिवसातून दहा वेळा कार्ड काढ-घाल करणाऱ्यालाच कळेल. जुन्या डब्यात ती पाठीमागे होती आणि मी अक्षरशः टेबलाखाली शिरत असे.

सगळ्यांत आधी जाणवली ती शांतता. जुना संगणक सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखी घरघर लागायची. हा चालू आहे की नाही हे पाहायला पुढचा बारीक दिवा शोधावा लागतो. नुसता चालू असतो तेव्हा साधारण दहा वॅट वीज घेतो, कामाचा पूर्ण ताण आला तरी शंभराच्या थोडा वर जातो. सोलापूरच्या उन्हाळ्यात वीज गेली की पूर्वी यूपीएस पाच-सात मिनिटांत ओरडू लागायचा; आता हातातले काम नीट संपवून, जतन करून उठता येते.

मात्र कापडाच्या दुकानातील माणसाने एक काळजी घ्यावी. हा संगणक थंड राहण्यासाठी हवा तळाकडून आत ओढतो आणि पाठीमागून बाहेर सोडतो. आमच्याकडे हवेत सुताचा बारीक तूस सतत असतो. टेबलावर सपाट ठेवला तर तो तूस थेट पोटात जाणार. म्हणून सासूबाईंनी माळ्यावरचा एक जुना छोटा चौरंग काढून दिला. तेव्हापासून तो चौरंगावर विराजमान आहे आणि दर शनिवारी मऊ ब्रशाने तळाची जाळी झाडली जाते. नवखे पाहुणे त्याला हात जोडू की नको अशा विचारात पडलेले मी पाहिले आहेत.

वेगाचे म्हणाल तर तो आहेच. माझ्या कॅमेऱ्यातले कच्चे छायाचित्र सुमारे ५० एमबीचे. एका दिवसात पाच-सहाशे निघतात. जुन्या यंत्रात एक चित्र उघडून त्यात दुरुस्ती केली की परिणाम दिसायला मी दहापर्यंत आकडे मोजत असे. इथे हात हलतो तसे चित्र हलते. याचे एक कारण असे सांगतात की यात सर्वसाधारण कामाची आणि चित्रांच्या कामाची स्मृती वेगवेगळी नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर दोन पेढ्यांचे गोदाम एकच आहे. माल इकडून तिकडे वाहून न्यावा लागत नाही. दोनशे छायाचित्रांची तुकडी आता चहा होईपर्यंत तयार होते. पदराची चलत्चित्रे मी पूर्वी करतच नव्हते. आता दर आठवड्याला करते. वारा लागल्यावर सुती पदर कसा पडतो हे स्थिर चित्रात दाखवताच येत नाही, आणि साडी घेणारी बाई पाहते ते तेच.

आणि माझे ताट आता झाकून ठेवावे लागत नाही.

उणिवाही सांगते. यातली स्मृती घेताना जेवढी घ्याल तेवढीच. पुढे वाढवता येत नाही. आम्ही ३२ जीबीची घेतली, ती आजवर पुरली आहे. साठवणुकीची जागा मात्र मी काटकसर म्हणून ५१२ जीबीच घेतली आणि चौथ्या महिन्यात ती भरली. चूक सर्वस्वी माझी. आता पाठीमागे दोन बाह्य डिस्क लटकत असतात. एक कामाची, एक प्रतीची. दुसरे म्हणजे आपल्या घरोघरी चालणारे टॅली यावर थेट चालत नाही, ते विंडोजसाठीच आहे. त्यामुळे जुना संगणक हिशेबासाठी ठेवावाच लागला. एकाच यंत्रावर दुकान आणि चित्रे दोन्ही चालवण्याचा विचार असेल तर हे आधी जाणून घ्यावे. २०२३ आणि २०२५ मध्ये याच्या नव्या आवृत्त्या आल्या. माझ्या कामाला त्यांची गरज अजून भासलेली नाही.

रंगाचे काय झाले, ते आता सांगते, कारण पैसे त्यासाठी मोजले होते.

पहिला आठवडा फजितीचा गेला. खोलीतील उजेड पाहून आपला रंग आपोआप थोडा पिवळट किंवा निळसर करण्याची सोय या पडद्यात आहे. वाचायला ती डोळ्यांना सुखाची. रंगाचे काम करणाऱ्याला घातक. सकाळी केलेली चित्रे संध्याकाळी वेगळी दिसू लागली तेव्हा मी घाबरले. ती सोय बंद केल्यावर पडदा स्थिर झाला. मग कळले की हा पडदा फोनवर साधारण दिसणाऱ्या रंगांपेक्षा अधिक भडक रंग दाखवू शकतो. मी इथे गुलबाक्षी पाहून खूश व्हायचे आणि गिऱ्हाइकाच्या साध्या फोनवर तो विझलेला पोहोचायचा. मोबाइल आणि इंटरनेटसाठी जो सर्वमान्य रंगपल्ला आहे, एसआरजीबी नावाचा, त्याच्यासाठी पडद्यात तयार बैठक दिलेली आहे. ती लावून काम करू लागले तेव्हा मला दिसते तेच बहुतेकांना दिसू लागले. सगळ्यांना नाही. प्रत्येकाच्या हातातला फोन वेगळा, त्याला कुणाचाच इलाज नाही.

कॅमेऱ्याच्या बाजूला २४ रंगांच्या चौकटी असलेला एक पुठ्ठ्याचा तक्ता घेतला. प्रत्येक तुकडीचे पहिले छायाचित्र त्या तक्त्यासह काढायचे. त्यातील करडी चौकट करडी दिसेपर्यंत चित्र जुळवायचे आणि तेच माप पुढच्या सगळ्या चित्रांना लावायचे. गच्चीवरचे ऊन दर तासाला बदलते, म्हणून मागच्या खोलीत चांगल्या प्रतीचे दोन दिवे लावून घेतले. बारीक चौकडीच्या इरकलीत चित्रावर पाण्याच्या लाटांसारख्या रेषा उमटतात. वीण आणि कॅमेऱ्याच्या आतली जाळी एकमेकींत अडकल्यामुळे ते होते. कॅमेरा वीतभर पुढे-मागे केला की बहुधा जाते. हे सारे शिकायला मला दोन महिने लागले. खरे सांगायचे तर रंगाचे निम्मे काम त्या दिव्यांनी आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याने केले. दोन्ही मिळून संगणकाच्या किमतीच्या विसाव्या हिश्शातही आले नव्हते. ज्यांचा हात आखडता आहे त्यांनी आधी दिवे आणि तक्ता घ्यावा, मग एक बरा पडदा, आणि संगणक सर्वांत शेवटी.

२०२२ च्या दिवाळीपर्यंत परत येणारी पाकिटे महिन्याला चार-पाचवर आली. अण्णा आता रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी अर्धा तास माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसत. साडी मांडीवर, चित्र पडद्यावर. ते नाव सांगत, मी टंकत असे. त्या अर्ध्या तासात आम्ही जेवढे बोललो तेवढे आधीच्या सोळा वर्षांत बोललो नसू. एकदा म्हणाले, "सूनबाई, पायरी घरात आणलीस बरं का." त्या दिवशी मी दिवसभर हवेत होते.

डिसेंबरात संक्रांतीसाठी काळ्या चंद्रकळांचा माल आला. तीन गठ्ठे. त्यातल्या एका गठ्ठ्यातली साडी मी पडद्यावर घेतली आणि थांबले. "अण्णा, ही निळी वाटते. गडद निळी."

त्यांनी मांडीवरची साडी पाहिली. "काळीच आहे. तुझा पडदा निळी दाखवतोय."

खोलीत दिवे होते, समोर तक्ता होता, करडी चौकट करडी होती. साडी उचलून पायरीपर्यंत जायला वीस पावले लागली असती. मी गेले नाही. पन्नास वर्षे रंग ओळखणाऱ्या माणसाला पायरीवर नेऊन काय दाखवायचे, असे मनात आले. रोजचा तो अर्धा तास बिघडेल, असेही आले. मी माउस हलवला, निळा उतरवला, चित्र काळे केले. खाली लिहिले, काळी चंद्रकळा.

संक्रांतीच्या आठवड्यात त्या गठ्ठ्यातल्या अकरा साड्या परत आल्या. बार्शीच्या एका शिक्षिकेची चिठ्ठी सर्वांत लहान होती : 'काळी मागवली होती, ही निळी आहे. रंग ओळखता येत नसेल तर हा धंदा कशाला करता?' पाकीट अण्णांनीच उघडले होते. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुझ्या यंत्राला विचार."

जुना संगणक असता तर मी त्याच्यावर ढकलून मोकळी झाले असते. आम्ही सगळेच झालो असतो. साडेतीन लाखांच्या वस्तूने तेवढी एक वाट बंद करून टाकली होती. यजमानांना मी सारे सांगितले. तेही गप्प बसले. वडिलांना हे कसे सांगायचे, ते त्यांनाही कळत नव्हते.

गाठ सोडवली ती माझ्या मुलीने, तीही नकळत. रविवारची सकाळ होती. पडद्यावर दोन साड्या शेजारी शेजारी होत्या, एक शुभ्र पांढरी, एक मोतिया. अण्णा म्हणाले, "एकच साडी दोनदा कशाला काढलीस?" मी काही बोलणार तोच मुलगी हसत सुटली. "आजोबा, एक नाही हो, दोन आहेत! ही पांढरी, ही मोतिया. तुम्हीच नाही का शिकवलंत मला?"

अण्णा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग उठले, दोन्ही साड्या हातात घेतल्या आणि एकटेच पायरीवर गेले. मी दारातून पाहत होते. उन्हात त्यांनी एक उजव्या हातावर धरली, एक डाव्या. मग हात बदलले. मग पुन्हा बदलले. आत आले तेव्हा साड्या टेबलावर ठेवून एवढेच म्हणाले, "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगलाच पिकत आलेला. डॉक्टरांनी समजावून सांगितले की डोळ्यातले भिंग वर्षानुवर्षे हळूहळू पिवळट होत जाते आणि निळा उजेड अडवू लागते. त्यामुळे पांढरे मोतिया दिसते, गडद निळे काळे दिसते; आणि बदल इतक्या सावकाश होतो की ज्याचा डोळा त्याला पत्ता लागत नाही. "किती वर्षांपासून असेल?" असे अण्णांनी विचारले. नेमके सांगता येणार नाही, काही वर्षे असावीत, असे डॉक्टर म्हणाले. घरी येताना रिक्षात अण्णा बोटांवर काहीतरी मोजत होते. मला वाटले खर्च मोजत आहेत. घरी आल्यावर त्यांनी २०१९ पासूनचे 'परत माल' खाते मागवले.

फेब्रुवारीत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर त्यांचे पहिले वाक्य होते, "दुकानाला नवा रंग दिलात का? भिंती निळसर दिसताहेत." रंग दिला नव्हता. भिंती पांढऱ्याच होत्या, आठ वर्षांपूर्वी दिलेल्या चुन्याच्या.

डावा डोळा महिनाभराने व्हायचा होता. तो मधला महिना मी विसरणार नाही. अण्णा रोज सकाळी माझ्या शेजारी बसत, पडद्यावर पांढरी साडी लावायला सांगत, आणि तळहाताने एकदा हा डोळा झाकत, एकदा तो. "उजव्यात पांढरी. डाव्यात मोतिया." पुन्हा झाकत. "उजव्यात पांढरी. डाव्यात मोतिया." लहान मुलासारखे चालायचे ते. मग एकेक जुना रंग मागायचे. चिंतामणी दाखव, जांभळी दाखव, ती निळी दाखव. निळी समोर आली की मात्र खेळ थांबायचा. "तू म्हणाली होतीस," एकदा ते म्हणाले. मी म्हणाले, "अण्णा, मी म्हणाले आणि मग काळी केली." त्यावर ते काही बोलले नाहीत, मीही नाही. त्या गठ्ठ्यातल्या उरलेल्या साड्यांवरची चिठ्ठी मी त्याच दिवशी बदलली.

मार्चमध्ये दुसरा डोळा झाला. बरे वाटल्यावर पहिल्याच दिवशी अण्णा दुकानात आले आणि काळ्या चंद्रकळांचे दुसरे दोन गठ्ठे त्यांनी सोडायला लावले. एकेक साडी घेऊन ते पायरीवर जात आणि परत येत. सातवी साडी त्यांनी खाली ठेवली नाही. ती घेऊन माझ्याकडे आले. "पडद्यावर घे." मी घेतली. त्यांनी मांडीवरची पाहिली, पडद्यावरची पाहिली, मान हलवली आणि बंडीच्या खिशातून घडी केलेली ती चिठ्ठी काढून पत्ता वाचून दाखवला.

त्या तारखेच्या रोजमेळात त्यांच्या अक्षरात नोंद आहे. या वेळी पेन्सिलीने नाही, शाईने : 'बार्शी, काळी चंद्रकळा नग १, विनामूल्य. चूक आमची.'